नकाशात आमचं गाव हिरवं आहे

१ जानेवारी, सकाळ

संकल्प. एक : तक्रार करायची नाही. दोन : चहात साखर अर्धी. तीन : संक्रांतीला लतिका घरी.

तिसरा संकल्प माझ्या हातात नाही असं कुणाला वाटेल. बायको दुसऱ्या गावी असली तरी शेवटी संकल्प नवऱ्याचाच असतो. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दिवाळीआधी नागपूरला गेली. भैरवीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फ्लॅट जरीपटक्याला. तिथे लिफ्ट आहे म्हणून बरं होईपर्यंत तिथेच राहायचं ठरलं. गुडघा केव्हाच बरा झाला. लिफ्ट ही काही कायम राहण्याची जागा नव्हे.

साखर : पूर्ण घातली. उद्यापासून.

३ जानेवारी

पाण्याच्या टाकीखाली उभा राहून फोन केला. मोहदऱ्यात तेवढ्याच जागी सिग्नल येतो. गाव टेकड्यांच्या खोबणीत. कवितेला अनुकूल, मोबाइलला प्रतिकूल.

केव्हा येतेस, विचारलं. लतिका म्हणाली, अहो, आता माझा शनिवारचा वर्ग असतो ना. तिथे नेट कुठे आहे?

हा वर्ग म्हणजे भैरवीच्या मैत्रिणींची मुलं. ऑस्ट्रेलियात राहतात. लतिका त्यांना कॉम्प्युटरवरून मराठी कविता शिकवते. लतिका! जन्मभर मराठी मी शिकवलं. ती आत चहा करत होती. आतून ऐकू येत असणार म्हणा.

असो. कारण कळलं. नेट. कारण कळलं की निम्मं उत्तर आलं, हे मी वर्गात नेहमी सांगत असे.

६ जानेवारी

ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच दामिनी माझी विद्यार्थिनी. शाळेत फार हळू बोलायची. हजेरीला ओठांतल्या ओठांत 'हजर' म्हणायची. माझा नियम कडक : आवाज आला तर हजर. समोरच्या बाकावर बसलेली दिसत असली तरी आवाज नाही तर गैरहजर. त्या नियमानेच ती आज सरपंच आहे, असं माझं मत आहे. तिचं विचारलं नाही.

म्हणाली, गुरुजी, सरकारनं गावोगावी इंटरनेटसाठी निधी देल्ला, तुम्हाले मालूम नाही? आपली पेटी त मागच्या सालीच येऊन बसली. लहानू, दाखव गा गुरुजीले.

लहानू पंचायतीचा शिपाई. पेटी कोपऱ्यात. वर त्याचा जेवणाचा डबा. डबा गरम राहतो का, विचारलं. म्हणाला, पेटीच बंद त डबा कायचा गरम राहीन जी?

तरी पेटी पाहून ऊर भरून आला. या पेटीतून काचेचा केसाएवढा तंतू निघतो आणि त्यातून उजेड धावतो. उजेडावर बसून माणसाचा आवाज जातो. हे शास्त्र नव्हे, काव्य आहे. पेटी पंचायतीत, पंचायतीसमोर माझं घर. मध्ये फक्त रस्ता.

संक्रांतीपर्यंत कठीण. होळीला नक्की.

१८ जानेवारी

भैरवीचा फोन. (टाकीखाली. थंडी.) म्हणाली, बाबा, आईला नेटबिट काही नको, तिला संडास घरात पाहिजे. किती वर्षं सांगून राहिली ती तुम्हाला.

आपला संडास मागच्या अंगणात आहे. हवेशीर. येता-जाता चंद्र दिसतो. वाटेतल्या पायरीवर लतिका दोनदा पडली हे खरं. पण तो पायरीचा दोष, ती मी घासून घेतली आहे. शिवाय लतिका स्वतःच्या तोंडाने नेट म्हणाली. तिचं ऐकायचं की मुलीचं?

भैरवी लहानपणापासून गद्य.

९ फेब्रुवारी

लग्नाचा वाढदिवस. सांजा केला. खाली लागला. मधला चांगला होता.

लग्नात तिने घेतलेला उखाणा अजून कानात आहे. 'शाळेच्या फळ्यावर खडूची रेघ, गिरिधररावांचं नाव घेते, भरून आला मेघ.' मांडव हसला होता. कारण लग्न माघातलं, आभाळात ढगाचा पत्ता नाही. त्यानंतर तिने माझं नाव कधी घेतलं नाही. अहो, ऐकलं का, भैरवीचे बाबा. एवढ्यावर संसार झाला. एका 'अहो'त ती किती अर्थ भरायची! दाराबाहेरचं अहो वेगळं, तापात असतानाचं वेगळं.

फोन केला. उखाणा आठवतो का, विचारलं. म्हणाली, कुठला हो?

सिग्नल कमी असला की माणसाला आठवतंही कमी.

१३ मार्च

होळी आली. पेटी बंद. लहानूला विचारलं, ही कधीच चालू झाली नाही का रे? म्हणाला, झाली ना जी. उद्घाटनाच्या दिवशी साहेब लोक जनरेटर घेऊन आले. दिवे लुकलुकले. फोटो काढला, पोहे खाल्ले, जनरेटर घेऊन गेले.

पोहे कुणी केले होते? दामिनीच्या सासूनं, जी. मस्त होते.

१ एप्रिल

वाईट बातमी. पुढच्या कामाचा निधी आला होता म्हणे, मार्चअखेर खर्च झाला नाही म्हणून परत गेला. दामिनी म्हणाली, आला कवा तेच कळलं नाही, गुरुजी, गेला तवा कळलं.

निधी पाहुण्यासारखा असतो. पाणी विचारायला हवं होतं. आता हे प्रकरण मी स्वतः हातात घेतो.

१४ एप्रिल

कामाला सुरुवात. कोठीची खोली रिकामी केली. आमच्या झोपण्याच्या खोलीला लागून आहे, नळ जवळ, खिडकी पूर्वेला. इथे लतिकेचा वर्ग भरणार. भिंतीला आकाशी रंग. खरा फळा, माझ्या हाताने काळा केलेला. राऊटरसाठी कोनाडा, वर सरस्वतीची तसबीर.

शेजारचा रुपराव पाहायला आला. संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलं, काव्याचा गंध नाही. म्हणाला, काय करून राहिला गा गिरिधर? इथं त संडास मस्त बसते. नळ बी हाय बाजूले.

म्हटलं, इथे सरस्वती येणार आहे.

म्हणाला, येऊ दे ना. पण आल्यावर तिले जा लागन, तवा ती कुठं जाईन?

फळ्याला दुसरा हात दिला.

१२ मे

नागपूर. ऊन असं की बसच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसात पोचलो. साहेब तरुण, सज्जन. कॉम्प्युटरवर नकाशा काढला, जिल्हाभर ठिपके. लाल म्हणजे नेट नाही, हिरवा म्हणजे जोडलेलं. म्हणाले, मोहदरा? काका, तुमचं गाव तर हिरवं आहे.

खरंच हिरवं होतं. पोपटी म्हणावं असं.

म्हटलं, पण पेटी बंद आहे. म्हणाले, पेटी बंद असणं वेगळं, गाव जोडलेलं असणं वेगळं. म्हटलं, मग चालू करण्यासाठी निधी? म्हणाले, जोडलेल्या गावाला जोडण्यासाठी निधी कसा देणार? ऑडिट येतं, काका.

तर्कात चूक सापडली नाही. पाणी मात्र गार दिलं.

इतवारीत जाऊन लतिकेच्या वर्गासाठी पितळी घंटा घेतली. नाद उत्तम. हातगाडीवाले वळून पाहत होते. भैरवीकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. नेट घेऊनच तिच्यासमोर उभं राहायचं. पण तहान लागली होती.

दार भैरवीने उघडलं. म्हणाली, हळू बोला, आईचा जादा वर्ग सुरू आहे. सोफ्यावर बसलो. बंद दाराआडून लतिकेचा आवाज. चौथीच्या जुन्या पुस्तकातली कविता, मी शेकडो वेळा शिकवलेली. चाल चुकत होती. दर ओळीला थांबायची आणि पोरांना विचारायची, तुला काय वाटतं? मग तुला? चौथीच्या पोराला काय वाटायचंय? मी कधी विचारलं नाही, कुणाचं अडलं नाही.

एकदा ती हसली. मोठ्याने. हा आवाज मला नवा होता.

वर्ग लांबला. शेवटची बस चुकली असती. निघालो. घंटा द्यायची राहिली. नाही, घंटा घरच्या वर्गासाठीच आहे. ठेवली ते बरंच.

१३ मे

फोन करून लतिकेला सांगितलं, आपलं गाव हिरवं झालं. म्हणाली, अरे वा. मग टाकीखालून का बोलताय?

मग म्हणाली, काल न भेटताच गेलात. पाच मिनिटं थांबायचं होतं हो.

बस होती, म्हटलं.

२ जून

दामिनीने ग्रामसभेत ठराव मांडला : आमचं गाव लाल करा. म्हणाली, आधी लाल व्हा लागते गुरुजी, तवाच निधी येते.

मी विरोध केला. हिरवा रंग समृद्धीचा, आपण होऊन लाल का व्हायचं? मागून कुणी तरी ओरडलं, गुरुजी, हिरवं त आमचं वावर बी होते, मोटर चालू झाल्यावर! सगळे हसले. मीही हसलो. कुणाला हसलो ते घरी आल्यावर कळलं.

अर्ज मी लिहून दिला. सुरुवात 'हे प्रकाशदात्या शासना' अशी. दामिनीने तो आदराने ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आपल्या तीन ओळी पाठवल्या.

१९ जुलै

लाल झालो! दामिनीने स्वतः येऊन सांगितलं. सुधारित योजनेत नाव आहे, निधी मंजूर. पंचायत, शाळा, दवाखाना, आणि समोर राहतो म्हणून पहिल्या खेपेत माझं घर.

फोन केला. लाल झालो, म्हटलं. लतिका म्हणाली, अहो, काय झालं? ताप आहे का? औषध घेतलं का? कुणाला तरी बोलावा ना शेजारी.

तिला समजावून सांगितलं. तरी फोन ठेवताना पुन्हा म्हणाली, खरंच ताप नाही ना?

किती दिवसांनी ते तापातलं अहो ऐकलं.

२७ ऑगस्ट

खोदकाम. जेसीबीने पाण्याची पाइपलाइन तोडली. नळ बंद. गावातल्या बायका पंचायतीत न जाता माझ्या दाराशी आल्या. सिंधूताई, जिच्याकडून माझा डबा येतो, म्हणाली, गुरुजी, तुमच्या त्या उजेडानं भात शिजते का? मंग डबा मागू नका आज.

रुपरावकडे जेवलो. वांग्याची भाजी. त्याची बायको वाढत होती, तो हातपंपाचं पाणी आणून देत होता. दोघं भांडत होती. मीठ कमी की जास्त यावर. कितीतरी वेळ. मला घरी जावंसं वाटेना.

१८ ऑक्टोबर

दिवाळी. भैरवी म्हणाली, बाबा, तुम्हीच या इकडे, आई तुमच्यासाठी अनारसे करून राहिली. येतो म्हटलं. पिशवी भरली, घंटाही घेतली. निघताना विचार आला, केबलवाला आज आला तर? घराला कुलूप पाहून परत जाईल. सरकारी काम, परत गेलं की गेलं. मार्चचा अनुभव आहे.

गेलो नाही. दिवे लावले. कोठीतही एक लावला.

केबलवाल्यांना दिवाळीची सुट्टी असते असं रुपराव आता सांगतो.

४ नोव्हेंबर, दुपार

आलं! कोनाड्यात हिरवा दिवा लुकलुकतो आहे. जनरेटरशिवाय. केबलवाल्याला चिवडा दिला आणि स्वागतकाव्याच्या तयार असलेल्या दोन ओळी ऐकवल्या :

जुन्या अंगणी तार आली नवी ही
उजेडास आता उणे येथ नाही

तो म्हणाला, काका, पासवर्ड काय ठेवू? लतिका ठेव म्हटलं. म्हणाला, पुढे आकडा पाहिजे. लग्नाचं साल घातलं.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

भैरवीने दिलेला जुना टॅबलेट, त्यावर लतिका. आख्खी. न अडकता, न तुटता. केस बरेच पांढरे झालेत, फोनवर ते कधी कळलं नाही. चष्मा नवा. म्हणाली, अहो, तुम्ही किती वाळलात हो.

म्हणाली, जरा घर दाखवा ना. टॅबलेट घेऊन फिरलो. बंगई, म्हणजे आमचा झोपाळा, दाखवली. हलवून दाखवली. कुरकुरली तर म्हणाली, अजून तेल घातलं नाही ना? तुळस. चूल काढली तो कोपरा. मग डोळे मिट म्हटलं आणि कोठीत नेलं.

आकाशी भिंत. फळा. सरस्वती. घंटा वाजवली. फळ्यावर मी सकाळीच सुलेखन करून ठेवलं होतं : 'सौ. लतिकाबाईंचा वर्ग.'

पडद्यावरची लतिका हलेना. मला वाटलं अडकलं. मग म्हणाली, ही कोठी ना? आपल्या खोलीला लागून? नळाजवळची?

हो, म्हटलं.

म्हणाली, रंग छान दिलाय.

तिने चष्मा काढून डोळे पुसले. स्क्रीनचा उजेड लागतो या वयात.

मग म्हटलं, आता तर नेट आलं. केव्हा येतेस? गुरुवारी बस रिकामी असते.

म्हणाली, अहो, नेट आलं ते किती बरं झालं. आता रोज असे समोर दिसाल. मला तुमची फार काळजी वाटायची, हो. आता येण्या-जाण्याची दगदग कुणालाच नको. तुम्ही तिथे तुमच्या गावात, मी इथे. रोज संध्याकाळी बोलू. मग तर झालं?

झालं, म्हटलं.

तिसरी ओळ सुचली : तरी सांजवेळी रिती ओसरी ही. वृत्तात बसते. खोडली. स्वागतगीतात शोभत नाही.

६ नोव्हेंबर

रुपराव आला. बराच वेळ कोठीत बसला. आज संडासाचं काही बोलला नाही. जाताना म्हणाला, गिरिधर, बस पकड ना गा. सव्वा तासाचं गाव ते.

म्हटलं, घर कोण पाहील? राऊटर नवा आहे.

भैरवीला फोन करून विचारलं, आईच्या वर्गात मोठ्या माणसाला प्रवेश असतो का? म्हणाली, शनिवारी लिंक पाठवते, बाबा. पण कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद ठेवीन मी, तुम्ही मध्येच चाल दुरुस्त कराल. आईला आधी सांगू का?

नको म्हटलं. बसेन आपला मागच्या बाकावर.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी आंघोळ करून, कोट घालून कोठीत बसलो. चौकोनांत पोरं. एक ब्रेड खात होतं. एकाच्या मांडीवर मांजर. लतिका मध्ये, फिकट जांभळ्या साडीत. ही साडी तिच्याकडे केव्हा आली?

तीच कविता. ती एक ओळ म्हणायची, पोरं म्हणायची, मी म्हणायचो. पहिल्यांदा तिच्या चालीत म्हटली. वाईट नाही. दर ओळीला थांबून ती विचारायची, तुला काय वाटतं? मला जे वाटत होतं ते मीही सांगितलं. दर वेळी. बरंच सांगितलं. खोली लहान, आवाज चांगला घुमतो.

हजेरी ती शेवटी घेते. माझी पद्धत सुरुवातीला घ्यायची. पडद्यावर दिसतील तशी नावं वाचत गेली. ईशिता. हजर. रेयांश. हजर, ताई. मांजरवालं पोर झोपलं होतं, त्याच्या आईने हजर म्हटलं.

मग शेवटचा चौकोन. त्यात चेहरा नाही, नुसतं नाव. ती थांबली. चष्मा वर केला. वाकून जवळ आली, इतकी की पडदाभर तीच झाली. पदर ओठांशी नेला. मांडवात नेला होता तसा.

म्हणाली, गिरिधर.

राव नाही. रेघ नाही. मेघ नाही. पोरांसारखंच, हळूच.

मी हजर म्हणालो. मग उभा राहून म्हणालो. टॅबलेटवर जी जी बटणं दिसली ती सगळी दाबत म्हणालो. घंटा वाजवली. बाहेरून रुपराव ओरडला, काय झालं गा?

तिने वाट पाहिली. पोरं चुळबुळ करू लागली तरी पाहिली. मग म्हणाली, नाहीत वाटतं. बरं, पुढच्या शनिवारी.

आणि पडदा काळा झाला.

कोनाड्यातला दिवा हिरवाच आहे. तिची काही चूक नाही. आवाज आला पाहिजे.